सोळा नंबरचे बूट

डब्यूक, आयोवा. जानेवारी. नदी गोठलेली,
तिच्यावर माणसं स्टुलं टाकून मासे धरत बसलेली.
कॉम्प्लायन्स ऑफिसात माझं टेबल हीटरपासून सगळ्यात लांब
आणि काम एवढंच: फोनची बिलं, पेट्रोलच्या पावत्या, गाडीचे मैल
एकाखाली एक लिहायचे, बेरीज जुळते का बघायची.
इचलकरंजीला वडील सूतगिरणीची खतावणी लिहीत,
चार आण्यांचा फरक सापडेना म्हणून
आमची एक दिवाळी संध्याकाळी सातला सुरू झाली.

बास्केटबॉल मला कळत नाही.
भिंतीपलीकडून चेंडू ऐकू यायचा, बुटांची चिरचिर,
आणि लायल हेफ्नर कोचचा आवाज,
ज्याच्यावर हे गाव आपली घड्याळं लावायचं.
मला ते 'कॅली' म्हणत. कालिंदी जमलं नाही त्यांना.
पण हिमवादळात माझी गाडी बंद पडली त्या रात्री
अर्धा तास केबल धरून उभे होते, टोपी न घालता.
हे अहवालात कुठल्या रकान्यात बसत नाही.

वर्षातले काही आठवडे असे,
की कोचनं नव्या पोरांच्या दारात जायचं नाही,
समोरासमोर दोन शब्द नाहीत. डेड पीरियड.
मी मनातल्या मनात सुतक म्हणायचे,
तेवढ्यानं नियम पाठ राहायचा.

त्याच आठवड्यातली पावती: गॅरी, इंडियाना.
मैल मोजले, जाऊन-येऊन चारशे वीस.
एकटीच हसले. इथे कुणाला सांगणार या आकड्याचा अर्थ?
दुसरी पावती त्याच दुपारची, बुटांची:
काळे, चामड्याचे, सोळा नंबर.
कोर्टवर असले बूट कोण घालतं?

मग कळलं. डेमारियस प्रूइट, वय सतरा, उंची सहा फूट दहा,
आजीला खांदा द्यायचा होता
आणि पायात प्लास्टिकच्या चपला.
खरंच सुतक होतं ते.

मी फाइल मिटली. परत उघडली.
कारण तेवढंच नव्हतं:
पोराच्या आईचं तीन महिन्यांचं भाडं
एका कारवॉशवाल्याच्या चेकनं गेलेलं,
दुसरा फोन, असिस्टंटच्या मेहुणीच्या नावावर,
आणि त्या असिस्टंटला, कर्टिस नोव्हाकला,
ज्याच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले,
केबिनमध्ये बसवून पढवलेलं: 'तू म्हण, मीच गेलो होतो.'
बूट मी पोटात घातले असते कदाचित.
कर्टिसचं जमेना.

सुनावणी चाळीस मिनिटं चालली.
बुटांबद्दल कोचनी चकार शब्द काढला नाही.

जिंकलेले एकोणीस सामने वजा झाले.
हरलेले अकरा तसेच राहिले, त्यांना कुणी हात लावला नाही.
वडील असते तर विचारलं असतं,
जमा खोडायची आणि नावे तेवढी ठेवायची,
ही कुठली खतावणी?
गुरुवारी शिडी लावून बॅनर उतरवला.
खिळे राहिले.

मार्चमध्ये हार्डवेअरच्या दुकानात दिसले,
लाल एप्रन, छातीवर 'लायल'.
मी मीठ घ्यायला गेलेले, पायऱ्यांवरच्या बर्फासाठी.
चाळीस पौंडांची गोणी त्यांनी डिकीत ठेवली,
म्हणाले, 'पाठ सांभाळ, कॅली.'
पावती दिली. मी सवयीनं बेरीज तपासली.
तपासताना त्यांनी मला पाहिलं.

डेमारियस दुसऱ्या कॉलेजात गेला, मग तिथूनही गेला,
कुठे, ते कुणी नोंदवलेलं नाही.
फाइलमधल्या पावतीची शाई उडत चाललीय.
दुकानाचं नाव गेलं, तारीख गेली,
सोळा तेवढं दिसतं.
सतराव्या वर्षानंतर पाय वाढतात का हो?