तक्रार अर्ज, सोबत रिपोर्टची प्रत

धंतोलीच्या तळघरात पोरगा म्हणाला, "काका, श्वास रोका."
रोकला.
त्याचा फोन वाजला,
"सोडा" म्हणायचं राहूनच गेलं.

काचेपलीकडे खुर्ची, खुर्चीवर स्वेटर.
"डॉक्टर कुठायत?"
"येऊन राह्यले ना."

रिपोर्टवर सही मात्र पोचलेली, झोकदार, निळी.
वर छापलंय: डावं मूत्रपिंड नॉर्मल.

असेलही, डॉक्टरसाहेब.
पण ते अठ्ठ्याण्णवपासून त्रिमूर्तीनगरात आहे,
माझ्या बहिणीच्या, कुमुदच्या पोटात.

मी वजनमापे खात्यातला.
मेच्या उन्हात इतवारीची किराणा ओळ पायी फिरलो,
काटा स्वतः वाकून पाहिल्याशिवाय
एकाही तागडीवर शिक्का मारला नाही.
दुकानदार म्हणायचे, बसा हो साहेब, चहा घ्या, शिक्का पोरगा मारेल.
नाही मारू दिला.
आणि ते तर नुसतं जिरं होतं.