हजेरी क्रमांक एक्केचाळीस

सातव्या आयोगाचा फरक जमा झाला तेव्हा
दात बसवायचे की गच्चीची गळती काढायची
या वादात मी होटगी रोडला गेले,
इटालियन हॉटेलात. एकटी.
रिक्षावाल्याला नाव सांगता येईना,
म्हटलं, फरशीच्या शोरूमच्या वर,
लाल दिवे लावलेत तिथं सोड.

एकतीस वर्षं हा देश शिकवला मी.
भूमध्य समुद्रात लोंबणारा बूट.
ऑलिव्ह, द्राक्षं, उन्हाळा कोरडा,
पाऊस हिवाळ्यात. कारणे द्या, दोन गुण.
चवीवर प्रश्न कधी कुणी काढला नाही.

आत गारठा. खुर्ची उंच, पाय टेकेनात.
कशाकशात अंडं दडलंय ते मेनूत शोधत होते,
चष्मा पुसत,
तर बाजूला काळा एप्रन येऊन थांबला,
छातीवर पितळी बिल्ला: लकी.
"हत्तुरे बाई ना ओ तुम्ही?"

लकी नावाचा विद्यार्थी मला नाही.
पण उभं राहायची ती तऱ्हा,
एक खांदा खाली, दप्तर अजून तिथंच असल्यासारखा!
येमूल. लक्ष्मीपती येमूल.
सातवी ब, एक्केचाळीस नंबर,
बाप रात्रपाळीला मागावर, आई कांड्या भरायची,
वह्यांना कव्हर म्हणून टॉवेलच्या कंपनीची लेबलं.

आणि लगेच माझ्या हाताला आठवलं.
इटली दाखव म्हटलं,
तर पोरगा निळ्या समुद्रात बोट ठेवून गप्प.
तीन छड्या. तिसरी जरा जास्तच.
त्या दिवशी घरी चपाती लाटताना
मनगट दुखत होतं, ते कुणाला सांगितलं नाही.

पाण्याचा घोट घेतला.
म्हटलं, लक्ष्मीपती, तेव्हा तुला मी, ते इटलीवरून...
"हां, ते होय," तो हसला.
"बाई, आपल्या नकाशाला इटलीतच वाळवी लागलेली की ओ.
देश होता तिथं भोक.
मागची भिंत दिसायची, निळी.
मी भोकातच बोट ठेवलेलं."

"मग बोलला का नाहीस रे?"
"दाखव म्हणालात, दाखवलं."
आणि सहा नंबरचं टेबल हाक मारतंय म्हणून गेला.

मी बसून राहिले.
शेजारी कुणाचा तरी वाढदिवस चाललेला,
पिझ्झाच्या तारा ओढत पोरं फोटो काढत होती.
तो नकाशा मी तेवीस साली रद्दीत घातला.
किती मुलांनी त्या भोकात बोट ठेवलं असेल,
आणि मी त्यांना समुद्राचे गुण दिले असतील.

मग ताट आलं. लाल रश्शात सुताचा गुंता.
चमच्यानं उचलावं तर घरंगळतं,
कापावं तर शोभत नाही,
निऱ्यांवर एक थेंब पडलाच.
तो परत आला, हात पाठीमागं बांधून.
"शेंगा चटणी आणू? मेनूवर नाही,
पण ठेवावी लागते. सगळेच मागतात."
म्हटलं, आण.

"तिकडं पण असंच खातात का रे?"
"मी कुठं गेलोय तिकडं, बाई.
हिंजवडीत शिकलो, एका नेपाळ्याकडून."
मग जरा वाकून, हळू आवाजात:
"कांडी भरतात ना, तसं करा.
काटा उभा धरा. ताटलीला टेकवा.
दोन-तीनच धागे घ्या, हाव नको. आता फिरवा."
आणि रिकाम्या हवेत त्यानं दोन बोटांनी
त्याच्या आईचं चाक फिरवलं.

पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा तुटलं.
तिसऱ्यांदा नुसतीच काटा फिरवत राहिले.
चौथ्यांदा बसली, लहानशी, घट्ट, थोडी वाकडी.
उचलून त्याला दाखवली.
"बरोबर का रे?"

"तोंड मोठं उघडा," तो म्हणाला.