टेबलाची रुंदी

सांगलीत, वखारभागात, हळद संघाच्या पहिल्या मजल्यावर
वीस बाय चौदाची खोली.
भूपालअण्णा म्हणाले, बाई, कॉन्फरन्स रूम करा,
पुण्यात असते तशी.
काच पाहिजे, लांब टेबल पाहिजे,
आणि माझी खुर्ची जरा…
हात हवेत वर नेऊन त्यांनी वाक्य पुरं केलं.

मी टेप काढायच्या आधी टाळी वाजवली.
टाळी समोरच्या भिंतीपर्यंत गेली
आणि येताना अजून दोघींना घेऊन आली.
इथं एक बोलला तर चार ऐकू येणार,
चौघं बोलले तर कुणीच नाही.

मिरजेला गेले. हनीफभाई
तंबोऱ्याचा भोपळा आतून खरवडत बसले होते.
माझा प्रश्न ऐकून बराच वेळ हसले.
"आमच्या पिढ्या गेल्या आवाज घुमावा म्हणून,
आन् घुमू नये म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच."
मग भोपळा खाली ठेवून म्हणाले,
कडक भिंतीला शब्द पचत नाही, ओकून टाकते.
मऊ काहीतरी लावा तिला.

मऊ काहीतरी यार्डात मिळालं.
राजापुरी हळदीची जुनी पोती,
तीनदा धुतली, पाणी तिन्ही वेळा पिवळंच.
आत कापूस, भोवती सागाची चौकट;
यल्लाप्पा सुतार दर खिळ्याला शिंकत होता.

खिडकी पश्चिमेला. चार वाजता ऊन
थेट अध्यक्षांच्या डोळ्यांत.
जुनी प्रोसिडिंगं चाळली,
भांडणं सगळी चारनंतरची.
तिथं जाड पडदा.
एक पंखा उतरवला,
त्याची करकर प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत होती.

बेडगे हिशेबनीसांची कंबर
अठरा इंचांच्या खाली उतरत नाही.
मग सगळ्यांच्याच खुर्च्या अठरा इंच.
अण्णांचीसुद्धा.
तीन दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही.

वैजयंता कांबळे, बारा वर्षं
दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर वही.
इतक्या लांबून ऐकू येतं का, विचारलं.
"न्हाई ओ मॅडम. तोंडं बघून लिहिते."
नकाशावर मी तिची खुर्ची टेबलाच्या मधोमध काढली,
खोडली नाही.

अडलं ते रुंदीवर.
पुस्तक म्हणतं चार फूट.
अण्णा म्हणतात पाच, शोभा येते.
शनिवारी जुन्या खोलीत दोन तास बैठक झाली,
काही ठरलं नाही,
आणि सगळे खाली चहाच्या गाड्यावर गेले.
तिथं समोरासमोर दोन बाकडी.
आठ मिनिटांत गोदामाचं छप्पर ठरलं,
हमालीचा दर ठरला,
दोघांनी तर सवयीनं रुमाल टाकून
त्याच्याखाली बोटं धरली,
काय ठरलं ते त्यांनाच ठाऊक.
कप या हातातून त्या हातात जात होता,
कुणाला उठावं लागत नव्हतं.

ते गेल्यावर मी टेप लावला.
बाकड्यापासून बाकडं, अडीच फूट.
गाडेवाला म्हणाला, मोजून घेताय, इकत घ्यायचाय काय गाडा?

अडीच फूटच केलं टेबल.
हे टेबल की पाट, यल्लाप्पानं विचारलं,
तरी कडा त्यानं गोल घासून दिल्या,
मनगट टेकलं तर टोचू नये म्हणून.

पहिल्या बैठकीला मी बाहेरच्या बाकावर होते.
आतून आधी नुसती बशी सरकल्याचा आवाज.
मग शांतता, पण न घुमणारी.
मग कोणीतरी भरभर आकडे सांगत सुटलं
आणि मधेच एक बाईचा आवाज,
"थांबा जरा. परत सांगा."
खुर्ची करकरली.
त्यानं परत सांगितलं, हळू.

साडेपाचला दार उघडलं.
अण्णा म्हणाले, बरी झालीय खोली,
टेबल तेवढं बारकं वाटतं.
आणि पाठमोरे जिना उतरू लागले.
पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर
भिंतीला टेकल्याचा पिवळा चौकोन.

मी काही बोलले नाही.