विरजणावर विरजण

पहाटे चारला टॉर्किलचा फोन.
"विरजण लागत नाहीये," एवढंच बोलला.
लिमफ्योर्डवरून फेब्रुवारीचा वारा आडवा येत होता,
मी सायकल ढकलत डेअरीपर्यंत चालत गेले.

दोन नंबरची टाकी. बारा हजार लिटर.
सहा तास उलटले तरी दूध अजून दूधच:
गोड, पातळ, निर्विकार.
टॉर्किलने पळी बुडवली, उचलली, तिरपी केली.
एकतीस वर्षं तो या टाक्यांशी असाच बोलतो.
मग म्हणाला, "डुकरांना."
म्हणजे सगळं दूध डुकरांना.

शत्रू निवळीतून येतो.
काल सांडलेल्या निवळीचा एखादा तुषार
कुणाच्या तरी बुटाच्या टाचेवर,
आणि त्या थेंबात अख्ख्या डेन्मार्कहून दाट वस्ती.
त्याला तोंड नाही, पोट नाही,
भूक तरी आहे का, मला सांगता यायचं नाही.
आहे तो फक्त एक मजकूर,
दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या शाईने
छापून घ्यायचा.
अर्ध्या-पाऊण तासात घर फुटतं,
शंभर प्रती दाराबाहेर पडतात
आणि शेजारचं दार चाचपतात.

मी बशीत आमचे जीवाणू पसरले, वर दोन थेंब निवळी.
दुसऱ्या दिवशी दुधी पटलाला भोकं,
कसर लागलेल्या लोकरी मोज्यासारखी.
आणि एका भोकाच्या मधोमध
खसखशीएवढा एक पांढरा ठिपका.

वाचतात ते कसे वाचतात?
कुणी दाराची कडीच उपटून टाकतं,
जिला धरून तो आत यायचा ती.
(मग स्वतःलाही घास नीट आत घेता येत नाही,
पण जीव राहतो.)
कुणी आपल्या प्रत्येक पानावर बारीक खूण करून ठेवतं
आणि बिनखुणेचं पान दिसलं की टराटरा फाडतं.
कुणी वाचतच नाही.
तो आत शिरलाय कळल्याबरोबर
छपाई पुरी व्हायच्या आत
स्वतःच विझून जातं, शेजार जगावा म्हणून.
त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची
हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

या ठिपक्याची गोष्ट वेगळी.
याच्या कुणा पूर्वजाने झटापटीत
शत्रूचा एक तुकडा ओरबाडून घेतला होता,
जेमतेम तीस अक्षरांचा,
आणि घरच्या वहीत शिवून टाकला होता,
सगळ्यांत वर. ताजं वैर वरच लिहायचं.
खाली खापरपणज्यांची वैरं,
ज्यांचे शत्रू आता कुठल्या गटारात विरले कोण जाणे.
पुन्हा कुणी शिरलं की ओळ ताडून बघायची.
जुळली, की कात्री.

इंगेलिसेच्या खणातही अशी एक वही होती,
नासलेल्या टाक्यांची, १९८७ पासूनची.
तीही शेवटच्या पानापासून पुढे लिहीत यायची.
आम्ही हसायचो.

ठिपका वाढवला. त्याला नाव दिलं: एकेचाळीस.
मार्चभर टाकीत विरजण सुरीने कापावं असं लागलं.
टॉर्किल शीळ घालायला लागला,
तीही नेहमी बेसूर.

मेच्या नऊ तारखेला फोन.

तिसांतलं एक अक्षर बदलून आला होता तो.
एकच. वहीतली ओळ जुळेना, कात्री चालेना.
आणखी एक होता त्याच्यासोबत, निराळ्या जातीचा,
येताना कात्रीत भरायला गोंद घेऊन आलेला.
त्यातला पहिला मरतो, गोंद ओतता ओतता.
दुसराही बहुधा.
तिसऱ्याला वाट मोकळी.

"मग कोण जिंकतंय?" टॉर्किलने विचारलं.
मी म्हटलं, बूट काढ आधी.
त्याने काढले. गरम पाण्याखाली धरले,
टाचेच्या खाचा ब्रशने घासत राहिला बराच वेळ.
मी बशी उजेडात धरली
आणि भोकांच्या मध्ये
पांढरं काही आहे का
शोधू लागले.