दीड मिलिमीटर

डोकं काळं. धड, म्हटलं तर आहे.
पांढऱ्या ओट्यावर नुसते ठिपके चालतात.

सातपूरला बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली मी,
बुशिंगचा शतांश सोडला नाही.
हिला ग्राफपेपरवर घेतली, भिंग लावलं:
दीड मिलिमीटर.
एक चिरडून हुंगली.
खवट खोबरं.

खालच्या गायधनी वहिनींनी खडू दिला,
"रेघ ओढा भाऊ, ओलांडत नाहीत."
वहिनी, आपण नाशिकचे.
पंचवटीत रेघ ओढून काय झालं
ते आपल्याला कुणी सांगायला नको.
तरी ओढली.
दुपारपर्यंत दोन फरशांच्या सांध्यात
खडू पोचला नव्हता ती जागा त्यांना सापडली.

मग फवारा. दोन दिवस भाजीला त्याचा वास.
ओट्यावरची रांग गेली
आणि तीन निघाल्या:
देवघरातून, स्विचबोर्डातून,
खोकल्याच्या औषधाच्या बुचाखालून.
यांच्यात राणी एकच नसते. घर घाबरलं
की जी ती पिल्लं उचलते, वेगळी चूल मांडते.

हे मला तरी कळायला हवं होतं.
त्या दिवाळीला मी ओरडलो,
तर थोरला पाथर्डी फाट्याला गेला राहायला,
धाकटा पार चाकणला.

माळ्यावर त्यांचा कॅरम, आणि शेजारी
बोरिक पावडरचा डबा, निम्मा भरलेला.
चिमूटभर ती, वाटीभर साखरपाणी,
बाटलीच्या बुचात कापसाचा बोळा.
जास्त पडली तर वाटेतच मरतात.
इतकीच हवी की घरी पोचतील,
आत बसलेल्यांना तोंडानं भरवतील.

रात्री बॅटरी घेऊन बसलो.
बुचाच्या कडेनं पंगत धरलेली,
पोटं काचेसारखी, आतला थेंब दिसत होता.
पुसायचं नाही, हुसकायचं नाही.
हेच मला कधी जमलं नव्हतं.

नवव्या दिवशी ओटा म्हणजे नुसता ओटा.
थोरल्याचा फोन आला.
"गेल्या का मुंग्या?"
"गेल्या."
"काय केलंत?"
"तुमची कॅरमची पावडर."
तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.
"स्ट्रायकर आहे का हो अजून?"

आहे. कालच व्हर्नियर लावला त्याला.
एकेचाळीस पॉइंट दोन.
एका कडेनं थोडा झिजलाय,
तू मारायचास त्या बाजूनं.