सात सेकंद

सकाळी आठ-वीसला गंगावेशीतल्या गाड्यावर
पुन्हा आमची 'सायकलची घंटी' लागते.
गाडीवाला ओरडतो, काका, तुमचं आलं!
मी मान हलवतो.
चहाचे पैसे तो घेत नाही.
तेवढीच आमची रॉयल्टी.

त्रेचाळीस गाणी केली होती.
पाच जण, सगळे उद्यमनगरचे.
रत्नाकर शिंगटे लेथवर, याकूब शिकलगार भट्टीवर,
सॅम्युअल हिशेबाला,
बाळू माणगावे कुठल्याच कारखान्यात टिकेना
म्हणून गायला.
मी पॅटर्नमेकर. दिवसभर सागवान तासायचो
आणि रात्री त्याच बोटांनी बास गिटार.
चार रेकॉर्डी निघाल्या. पाचवीचे पैसे
बाळूच्या ऑपरेशनला गेले.
बाळूही गेला.

'घंटी' आम्ही अर्ध्या तासात उरकली होती,
रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांनी
कमी पडत होती म्हणून.
पोत्यात जागा उरली की वर मूठभर
काहीतरी टाकतात, तशी.

गेल्या साली स्टेशनवर गेलो,
पिशवीत चारही रेकॉर्डी.
सकाळचा कार्यक्रम करणारी पोरगी, मगदूम,
बोलायला चांगली.
म्हणाली, काका, गाणी मी नाही निवडत, यादी येते.
कुठनं?
कंप्युटरमधनं.
त्यात कोण घालतं?
लोकांना आवडतं ते घालतात.
लोकांना काय आवडतं?
ओळखीचं.
ओळखीचं कसं होतं?
आम्ही लावतो ना ते.
मग आम्ही दोघंही हसलो,
ती जरा आधी थांबली.

लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर बैल बघायचो,
चरकाभोवती फिरणारा.
त्याला वाटत असणार,
गाव लय लांब आहे.

तिला म्हटलं, हे ऐक, 'भट्टी थंड झाल्यावर'.
अकरा मिनिटांचं आहे. पहिली चाळीस सेकंदं
नुसता याकूब. तिसऱ्या पाळीनंतर
लोखंड निवताना जसं बोलतं तसं,
टिक्. मग काही नाही. मग टिक्.
ती म्हणाली, चाळीस सेकंदात माणूस
दुसऱ्या स्टेशनवर जातो, काका.
खरं होतं.
माणूस जाईल कुठं, याचा विचारच केला नव्हता आम्ही.
तेव्हा दुसरं स्टेशनच नव्हतं.
ती रेकॉर्ड मात्र तिनं ठेवून घेतली.
बघते म्हणाली.

परवा मंगळवारी, जेवून आडवा झालो होतो, फोन आला.
सर, गाण्यांचा सर्व्हे आहे, दोनच मिनिटं.
सात सेकंद वाजवीन.
ओळखीचं, आवडतं असेल तर एक म्हणा.
ओळखीचं पण कंटाळा आलाय, दोन.
ओळखत नाही, तीन.
मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.
पहिलं कुणाचं तरी होतं. एक म्हणालो, उगंच.
दुसरी 'घंटी'.
दोन, म्हणालो, आणि पोरानं कैरी पाडावी
तसा चोरटा आनंद झाला.
तिसरं लागलं.
खरखर. काहीतरी वाजल्यासारखं.
मग काही नाही.
मला वाटलं लाइन गेली.
म्हटलं, ओ बाई, काही ऐकू येईना.
तीन लिहू का सर?
लिहा.

फोन ठेवला आणि लाइट गेली.
वरचा पंखा हळूहळू थांबत आला,
पात्याचा ढिला स्क्रू
टिक्.
मग काही नाही.
मग टिक्.
मी उठून बसलो.
नंबर परत लावला, तो लागत नाही,
त्या नंबरवर फोन फक्त येतात.

याकूबला एका कानानं ऐकू येत नाही आता.
शुक्रवारी मशिदीतनं बाहेर पडला की
बरा कान माझ्याकडं करून विचारतो,
लावलं का रे त्यांनी आपलं भट्टीचं?
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.
विचारत होते, म्हणतो.
परवाच विचारत होते.