बोअरचं पाणी

काटा मधोमध असतो तोवर
काट्याकडे कुणी बघत नाही.
नवले पुलाच्या चढावर तो हलला,
आंबेगावपाशी लाल रेघेला टेकला.
शेजारी बाबा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
डॉक्टरांची साडेअकराची वेळ.
"काटा कुठाय?"
"आहे जागेवर," मी म्हणाले.
"खोटं. आवाज बदललाय."

मग हीटर लावला. मे महिन्यात. पूर्ण.
इंजिनाचा ताप थोडा आपण घ्यायचा असतो
हे त्यांनीच शिकवलेलं, खंबाटकीत, मी अठराची असताना.
चारही काचा खाली.
कात्रजच्या सिग्नलला एक स्कूटरवाला वाकून बघत राहिला,
ही दोन माणसं स्वतःला का भाजून घेतायत.

बालाजीनगरला, फर्निचरच्या दुकानांमागे,
दिलावर शिकलगारने बॉनेट उघडलं
आणि काहीच केलं नाही.
मी झाकणाकडे हात नेला तर ओरडला,
"ताई! ते आत्ता झाकण नाही, सुतळी बॉम्ब आहे."

पाऊण तास. तोवर प्रश्न.
उभी असताना तापते की चढावर?
पाणी खाली गळतं, की नुसतंच कमी होतं?
मागून पांढरा धूर?
उत्तरं बाबा देत होते.
रोज गाडी मी चालवते,
मला एकही येत नव्हतं.

डिपस्टिक काढून त्याने बोटांत ऑइल चोळलं.
"ताकासारखं झालं असतं तर हेड गेलं म्हणायचं.
नाही झालेलं."
पंख्याला थेट वायर दिली. फिरला.
पंपाखाली ओल नाही.
थर्मोस्टॅट काढला,
चहावाल्याच्या स्टोव्हवर एका फुटक्या कानाच्या पातेल्यात
पाणी उकळत ठेवून त्यात सोडला.
आम्ही तिघं पातेल्यावर वाकलेलो, चहावाला चौथा.
पितळी चकती हळूच वर उचलली गेली.
"उघडली?" बाबांनी विचारलं.
"उघडली, काका."
आनंद कुणालाच झाला नाही.
आजार अजून सापडायचाच होता.

सगळं परत बसवून त्याने गाडी चालू ठेवली,
वरच्या होजला हात लावला, झटक्यात काढला.
खालच्याला लावला आणि तिथेच ठेवला.
माठासारखा गार.
मान न वळवता विचारलं,
"पाणी कुठलं घालता?"

बाबा खुर्चीत ताठ झाले.
"सोसायटीच्या बोअरचं. रोज सकाळी सहाला.
तेरा वर्षं. एक दिवस चुकवलेला नाही."

रेडिएटर उतरवून, टाकी उचकटून
त्याने तो आमच्यासमोर आडवा ठेवला.
नळ्यांच्या तोंडाशी पांढरं, थरावर थर,
कुठे सुई जाईल एवढी जागा, कुठे तीही नाही.
बाबांनी बोटाने चाचपलं.
"माझा खडा काढला तेव्हा डॉक्टरांनी डबीत घालून दिलेला.
हाताला अगदी असाच लागायचा."

"धायरीकडच्या गाड्या अशाच येतात," दिलावर म्हणाला.
चूक हा शब्द त्याने वापरला नाही.
बिलावर मी शंभर रुपये जास्त ठेवले ते त्याचे.

नवा रेडिएटर. हिरवं कूलंट. झाकण घट्ट.
"मग आता रोज काय करायचं?"
"काही नाही, काका. उघडायचंच नाही."

डोळ्यांची वेळ गेली ती गेलीच,
पुढचा गुरुवार मिळाला.
परतताना पुलापाशी मी न विचारता सांगितलं,
"काटा मधोमध आहे."
"ऐकू येतंय," म्हणाले.

सकाळी सहाला खालच्या नळाखाली
बाटली भरल्याचा आवाज.
गॅलरीतून बघितलं.
गाडीपाशी उभे. भरलेली बाटली काखेत,
आणि एक हात बॉनेटवर,
ताप बघताना ठेवतात तसा,
उलटा.